जिन्यावरची बाई

दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंना समोरच्या बाकावरच्या दोघी बहिणींचं बोलणं आयतंच ऐकू येत होतं. थोरलीचा गाल सुजला होता आणि सोबत आलेल्या धाकटीच्या नखांत माती होती.

“कथेचं काय झालं गं?”

“सुट्टीवर आहे.”

“कथा?”

“नाही, मी. सध्या कप करते. मातीचे.”

“आणि कथेतली माझी ती बाई? बॅग घेऊन माहेरच्या जिन्यावर उभी करून ठेवलीस तिला. टाइप मी करते, मग पुढचं पान मागायचं कुणाकडे?”

“ताई, एकेका वाक्यापायी रडकुंडीला येत होते मी. कप वाकडा झाला की नुसतं हसू येतं.”

“झाले का सरळ?”

“छे! सगळे डावीकडे कललेत.”

“एक मला ठेव. पण ती बाई?”

“काल गंमतच झाली. कपाला कान बसवत होते, तर ही आपली आपण जिना चढून वर आली.”

“काय सांगतेस! मग लिहिलंस?”

“हात चिखलाने भरलेले. म्हटलं, बस जरा, एवढा कप होऊ दे.”

“बसली?”

“बसली की. चप्पल काढून, ऐसपैस.”

“पुढचा नंबर तुमचा, ताई,” बाईंनी हाक मारली.

“दुसऱ्या कुणाला घ्या हो आत!” थोरली गाल धरून म्हणाली. “चप्पल काढून? अगं, म्हणजे राहणार आहे ती!”

बाईंनी पुढचं नाव पुकारलं. जरा हळूच.