वरच्या तळ्यातली रोपं

संशोधक : तिसऱ्यांदा तपासून घेतलं, काका. तोच निकाल. वरच्या तळ्यातली रोपं आणि खालच्या तळ्यातली, जनुकं अगदी एकसारखी. तिळमात्र फरक नाही.

राखणदार : मशीन बिघडलं असेल.

संशोधक : दोन वेगळ्या प्रयोगशाळांतलं? दोन तळ्यांच्या मधे अख्खा डोंगर. हजारो वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि निघाली जुळी भावंडं! डोकंच चालेनासं झालंय.

राखणदार : चहा टाकू?

संशोधक : चौथा होईल. उद्या बैठकीत रस्तेवाले म्हणणार, 'दोन्हीकडे एकच आहे ना? मग वरचं तळं बुजवून रस्ता नेला तर बिघडलं कुठे?' काय उत्तर देऊ?

राखणदार : मॅडम, जरा बसता का?

संशोधक : बसलेच आहे की.

राखणदार : हो, खरंच. तुमच्या आई आजारी होत्या, वर्षभर तुम्ही इकडे नव्हता...

संशोधक : त्या उन्हाळ्यात वरचं तळं आटलं. तुम्ही बादल्यांनी पाणी वाहून रोपं जगवलीत. विसरेन कशी?

राखणदार : नाही जगली.

संशोधक : काय?

राखणदार : एकही नाही. महिनाभर पाणी वाहिलं, खांदे सोलून निघाले. जाताना तुम्ही म्हणाला होतात, 'काका, तुमच्या जिवावर सोडून चाललेय.' मग पाऊस पडल्यावर खालच्या तळ्यातली चाळीस रोपं वर नेऊन लावली. म्हटलं, एकाच जातीची, कुणाला कळतंय?



संशोधक : बारा वर्षं, काका. बारा वर्षं मी तुम्ही लावलेली रोपं मोजतेय.

राखणदार : परत आल्या आल्या माझे हात धरून रडलात तुम्ही. मग तोंडच उघडेना. घाला शिव्या.

संशोधक : त्राण नाही हो. आणि बी काढून ठेवायचं काम माझं होतं. 'पुढच्या वर्षी बघू' कोण म्हणालं? मीच.

राखणदार : उद्या माझं नाव सांगा. म्हाताऱ्यानं घोळ घातला म्हणा.

संशोधक : सगळं खरंच सांगणार. तळं काही त्यानं वाचत नाही. ...काका, ती जुनी रोपं मी जेमतेम एकदा पाहिली. तुम्ही रोज पाहायचात. कशी होती?

राखणदार : आता काय उपयोग?

संशोधक : काही नाही. तरी सांगा, लिहून घेते.

राखणदार : पानं जरा अरुंद होती. आणि खालचं तळं सगळं फुलून गेलं, की मग महिन्याभरानं वर फूल यायचं. मला वाटायचं, वर गारवा जास्त, म्हणून उशीर होत असेल. पण मी लावलेली ही तर त्याच गारव्यात खालच्यांबरोबरच फुलतात.