दातदुखी: एकोणीस

शून्य? हो, शून्यच. बरोबर वाचलंत मॅडम, चष्मा पुसायची गरज नाही. 'मानसिक उपचार घेतलेले कार्यरत जवान, या तिमाहीत — शून्य.' अक्षर माझंच. वरून शाबासकीचं पत्रही आलंय, जवानांचं मनोबल वाढल्याबद्दल! आणि आता तुम्ही मुख्यालयातून एवढ्या लांब येऊन विचारताय, सगळे बरे झाले का — बरे कसले होतात, यायचेच थांबले. का थांबले? हे मला विचारताय? अहो, तक्ता तर तुमच्याकडूनच आला होता!

बसा ना — ती नको, डुगडुगते, ही घ्या. तर तक्ता. पलटण, काम, संख्या — तीनच रकाने. नाव नको, नंबर नको, मनाच्या डॉक्टरांकडे किती जण गेले तेवढंच मोजायचं, म्हणजे डॉक्टर वाढवून मिळतील. चांगलंच होतं की. मी इस्पितळाचा नोंदणी कारकून, एकवीस वर्षं रजिस्टरं ओढतोय, मला पटलं. आणि मला पटलं की मी दुसऱ्याला पटवतो — वाईट खोड. आमचा बिगुलवाला, शेजारच्याच क्वार्टरमधला, रोज माझ्याकडे चहाला — वर्षात अकरा जणांना शेवटची सलामी वाजवली त्याने, आणि मग बिगुल ओठाला लावला की श्वासच येईना. मीच म्हणालो, जा रे डॉक्टरांकडे, नाव कुठे जात नाही, लिहिणारा मी आहे ना. गेला. चार वेळा गेला. हसायला लागला होता हो! आणि मी तक्ता भरला — काम: बिगुल, संख्या: एक.

एक! मॅडम, पलटणीत बिगुलवाले असतात किती? एकच! मला कसं सुचलं नाही? नाही सुचलं. बेरीज तपासली, शिक्का सरळ मारला, झालं. आणि तुम्ही लोकांनी तोच कागद जसाच्या तसा पलटणीला परत धाडलात — 'माहितीस्तव'. चौथ्या दिवशी त्याचा बिगुल काढून घेतला. आता गोदामात कांबळी मोजतो, सलामी भोंग्यावर वाजते. मला बघून रस्ता बदलतो. वहिनी आल्या होत्या, ह्याच खिडकीशी. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, 'भावोजी, तुम्हीच म्हणाला होतात ना?' केसाने गळा कापणं म्हणतात ना — केस तुमचा, पण हात माझा होता.

ते पान कशाला उलटलंत? ते दंतविभागाचं. तुमच्या कामाचं नाही. हं — दातदुखी, एकोणीस. वाढलीय खरी. थंडीने असेल. दंतवैद्य? आहेत की — म्हणजे, खुर्ची आहे. वैद्य बदलून गेले त्याला दोन तिमाह्या झाल्या... बरं. थांबले म्हणालो ना मघाशी? खोटं बोललो. येतात. मनाच्या डॉक्टरांकडेच जातात, आणि मी लिहितो दाढ. डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही, सांगून ठेवतो. दात सगळ्यांनाच असतात मॅडम, त्यावरून कोणी ओळखू येत नाही.

काय? शून्य आहे म्हणून विभागच बंद? डॉक्टरांची बदली? म्हणजे खरं लिहिलं तर माणूस जातो, आणि खोटं लिहिलं तर डॉक्टर! छान. फार छान. पेन आहे? द्या इकडे. एक खरा आकडा घेऊन जा माझ्याकडून. काम: कारकून. संख्या: एक. कोण काय विचारता — नोंदणीला कारकून आहेत किती? एकोणिसातला एक मी. वहिनी येऊन गेल्या त्याच आठवड्यापासून. उरलेले अठरा मात्र दाढाच राहतील. ते मिळायचे नाहीत तुम्हाला.

या आता. दार ओढून घ्या. आणि बाहेर बाकावर तिघं बसलेत, त्यांच्याकडे बघू नका — दात दुखतायत त्यांचे.