बेडकानं मारलेले आण्णा

आमचे आण्णा एकदा मेलेत, सांगितलं न्हाय काय तुम्हाला? जपानी व्हिडिओ गेममध्ये हिरोला नाव आपण द्यायचं असतं. मी वडलांचंच दिलं, आण्णा. घरात त्यांच्यापुढं आवाज निघत नव्हता, निदान टीव्हीवर तरी त्यांना बोटांवर नाचवावं म्हणून! एका दुपारी हिरो मेला. दोन दिवसांचा खेळ सेव्ह केलेला नव्हता. मी हंबरडाच फोडला, "आण्णा मेलं!"

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन रडत आल्या. मागोमाग आण्णा.

"कोण गेलं?"

"तुम्हीच की!" काकू किंचाळल्या.

मी सगळं कबूल केलं.

"कशानं गेलो?"

"बेडकानं मारलं."

आण्णांनी भाकरी मोडली. "बेडकाच्या हातनं मरायचं असंल, तर तुझ्या मामाचं नाव घाल की!"