सर थांबले की हसायचं

"हिंमत असेल तर आज सगळ्यांच्या आधी हसून दाखव!" असं तो होयबा म्हणाला आणि मी गाढव, लावली पैज! होयबा म्हणजे माझा रूममेट, माझाच गाववाला. कळो न कळो, वर्गात मान हलवतो म्हणून हे नाव. ठेवलं कोणी? मीच. पण तुम्हाला सांगतो, नंदीबैल आम्ही सगळेच! परदेशात शिकायला आलेली बारा-तेरा पोरं, मागच्या दोन रांगांत. सर सुटले की सुसाट... अर्धं फळ्याला सांगतात, अर्धं दाढीला, उरलं तर आम्हाला. इंग्रजी मीपण शिकलोय हो बारावीपर्यंत! पण ते पुस्तकात गप बसायचं. हे पळतं! एक शब्द पकडून वहीत कोंबेपर्यंत पुढचे चाळीस पसार! वर सर विचारणार, "क्लिअर?" मी काय करणार? मान हलवली.

विनोदाचं तर विचारूच नका. सर बोलतात, थांबतात, इथली पोरं हसतात, ते बघून आम्ही हसतो. आमचं हसू कायम शिळं! म्हणून ही पैज. हरेल त्याने महिनाभर भांडी घासायची.

मी ठरवलं, शब्द गेले खड्ड्यात, नुसतं थांबण्यावर लक्ष ठेवायचं. सर आठवडाभराच्या रजेवरून आले. हळू आवाजात काहीतरी बोलले... चष्मा काढला... थांबले. आत्ता! मी हसलो, खदाखदा! आणि माझ्या भरवशावर मागच्या दोन्ही रांगा हसल्या. पुढची एक पोरगी गर्रकन वळली. "त्यांची आई गेली." इंग्रजीतच म्हणाली, पण हे बरं एका झटक्यात कळलं!

सगळे चिडीचूप. एकटा होयबा हसतोय. हसायलासुद्धा उशिराच पोचतो ना बिचारा! सरांनी बोट रोखलं. तू. बाहेर. पुन्हा येऊ नकोस. आता हजेरी नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर व्हिसा नाही, आणि तिकडे त्याच्या आईने गल्लीभर सांगून ठेवलंय, पोरगा साहेब होऊन येणार!

खोलीवर गेलो तर हा भांडी घासतोय. म्हटलं, "अरे, ठेव ती!" तर म्हणतो, "का? पैज तू जिंकलास ना?"

दुसऱ्या दिवशी गेलो सरांच्या केबिनमध्ये. इंग्रजी वाक्यं पाठ केलेली. हसलो मी, पैज माझी, त्याचा काही दोष नाही, मला हाकला, आईचं कळलंच नव्हतं हो, माफ करा... सगळं एका दमात! सरांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकलं. आणि मग... मान हलवली.

अहो, ती मान मी ओळखतो! सहा महिने तीच हलवतोय! एक अक्षर पोचलं नव्हतं! पुन्हा तोंड उघडलं तर म्हणे, "ओके, ओके," आणि दार दाखवलं.

बाहेर होयबा उभा. "सांगितलंस? कळलं ना त्यांना?"

मी मान हलवली.