मंगळवारची गाडी

वहिनी: …आणि गाडीचे चारी दिवे लुकलुकत होते! म्हणजे साहेबांनी दिवे लावले की रस्ता त्यांच्या तीर्थरूपांचा झाला. आत बसून काय चाललंय, तर फोनवर गप्पा. मी काचेवर टकटक केलं. काच चार बोटं खाली आली. म्हणाला, “दोनच मिनिटं.”

मिस्त्री: मग?

वहिनी: मग काय! म्हटलं, ही सायकलची लेन आहे, तुझी बैठकीची खोली नाही. तर मलाच शिकवतो, “बाजूने जा ना, एवढी जागा आहे.” बाजूने म्हणजे कुठून, भावजी? बसच्या चाकाखालून? माझ्या पाठीवर ड्रेसिंगची पिशवी, तिकडे एक आजोबा पायाची पट्टी बदलायला ताटकळले होते. मी बाहेर वळले, मागून बसवाल्याने भोंगा मारला, दचकून फुटपाथच्या कडेवर आदळले. बघा चाकाचं काय झालं ते.

मिस्त्री: लागलं नाही ना तुम्हाला?

वहिनी: गुडघा खरचटलाय. मी नर्स आहे, गुडघ्याचं मी बघते. तुम्ही चाकाचं बघा.

मिस्त्री: रिम वाकलीय, चांगलाच आउट आलाय. तीन स्पोक गेलेत. ठेवून जा, उद्या देतो.

वहिनी: उद्या कशी? चार वाजता परिवहन कार्यालयात त्या कुरिअरवाल्याची सुनावणी आहे. विसरलात की काय?

मिस्त्री: नाही, विसरेन कसा. पण आजच्या दिवस रिक्षाने गेलात तर…

वहिनी: मी सायकलनेच जाणार. त्या कार्यालयाच्या दारात सायकल लावून आत जाणार आणि सांगणार, की होय, या लेनमधून मी रोज चाळीस घरं फिरते आणि रोज मरता मरता वाचते. तो पाना द्या इकडे, मी धरते. अगंबाई, यावरही ठिपके? पंपावर तीन पांढरे ठिपके, हातोडीवर तीन, तेलाच्या डब्यावर तीन. उद्या कपाळावर काढून घ्या, म्हणजे तुम्हालाही कुणी पळवायला नको.

मिस्त्री: लोक वस्तू नेतात आणि परत देत नाहीत. खूण असली की बरं पडतं.

वहिनी: येताय ना तुम्ही चार वाजता?

मिस्त्री: दुकान कुणावर टाकू?

वहिनी: दुकान! सख्खा भाऊ तुमच्या या दुकानासमोर पडला. पंधरा पावलांवर. पाच महिने झाले. मनगटात दोन सळ्या आहेत त्यांच्या. सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, हे कात्री उचलतात आणि अंगठा वळत नाही. मग गिऱ्हाईकच म्हणतं, “असू द्या, पुढच्या वेळी येतो.” ते पुन्हा येत नाही. आणि घरी यांची दाढी कोण करतं, माहितीये?

मिस्त्री: कोण?

वहिनी: मी. पंचवीस वर्षं अख्ख्या पेठेच्या दाढ्या केलेला माणूस रोज सकाळी माझ्यासमोर गाल फुगवून बसतो आणि छताकडे बघत राहतो. यांना पाडणाऱ्या त्या कुरिअरवाल्याला मी सोडणार नाही. त्याचं लायसन्स जायलाच पाहिजे.

मिस्त्री: लायसन्स गेलं तर त्याची नोकरी जाईल, वहिनी.

वहिनी: जाऊ दे!

मिस्त्री: त्याने जबाबात काय म्हटलंय, ते एकदा नीट वाचून बघा की. तो म्हणतो, दादा आधीच पडलेला होता. मागच्या गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून त्याने आपली गाडी आडवी लावली.

वहिनी: वाचलंय. लेनमध्ये थांबलेला प्रत्येक जण जगाच्या भल्यासाठीच थांबलेला असतो. कुणाला औषध द्यायचंय, कुणाची म्हातारी आई उतरतेय. पाच महिन्यांत मी एकशे सोळा गाड्यांचे फोटो काढून पोलिसांना पाठवले, त्यातल्या एकानेही “मी आळशी आहे म्हणून थांबलो” असं म्हटलेलं नाही. आणि हा तर त्या दिवशी कुणीतरी काढलेल्या फोटोत धडधडीत उभा आहे. हे रस्त्यावर पडलेत, मागे याची राखाडी गाडी, नंबर स्पष्ट. आणखी काय पुरावा हवा?

मिस्त्री: फोटो नंतरचा असू शकतो.

वहिनी: तुम्हाला त्याचा एवढा पुळका कशासाठी? तो तुमचा मावसभाऊ लागतो का? तुम्ही दुकानात होतात, तुम्ही काहीच पाहिलं नाही, असं सांगितलंत. मग गप्प बसा ना. ज्याने पाहिलं नाही त्याने… थांबा. थांबा हं. बघा! बघा दारात! आली! आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, पांढऱ्या पट्ट्यावर गाडी लावली. अहो! अहो, निळी गाडी! काढा ती!

मिस्त्री: वहिनी, जाऊ द्या. समोरचा चष्मेवाला आहे तो. शेजार आहे.

वहिनी: चष्मेवाला? लोकांना चष्मे विकतो आणि याला स्वतःला हातभर रुंद पट्टा दिसत नाही? अहो चष्मेवाले! इकडे या जरा!

चष्मेवाला: काय झालं, मॅडम? आरसा उतरवायचाय फक्त. दोन मिनिटं.

वहिनी: तुमची ही दोन मिनिटं मी एका पिशवीत भरून ठेवली असती, तर आतापर्यंत त्यात माझा अख्खा दुसरा जन्म निघाला असता. गाडी काढा.

चष्मेवाला: आरसा जड आहे हो. पलीकडे जागा नाही. आणि सायकली आहेत कुठे? रिकामीच तर असते ती लेन.

वहिनी: रिकामी असतेच मुळी, कारण त्यातून जायला निघालेल्यांना तुम्ही दवाखान्यात पाठवता! माझ्या नवऱ्याला याच जागी पाठवलंत. इथे, जिथे तुमचं पुढचं चाक आहे ना, तिथे.

चष्मेवाला: मी कुणाला पाठवलं नाही. सकाळी सकाळी शिव्या खायला…

वहिनी: दुपारचे अडीच वाजलेत. घड्याळही दिसत नाही का?

मिस्त्री: वहिनी, पुरे. अहो, तुम्ही काढा गाडी, मी आरसा धरायला येतो.

चष्मेवाला: नको, मिस्त्री, तुमची मदत राहू दे. एक सांगा मला, मॅडम. मी महिन्यातून एकदा थांबतो, तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. आणि यांची मंगळवारची गाडी? ती चालते?

वहिनी: कसली मंगळवारची गाडी?

चष्मेवाला: यांच्या मालाची. टायर, रिमा, खोकी. अर्धा अर्धा तास उभी असायची इथे, दर मंगळवारी, मागे-पुढे ते रस्त्यावरचे नारंगी कोन लावून. मी म्हणायचो, कोन लावले की सगळं सरकारी वाटतं, कुणी विचारत नाही. आता हल्ली मागच्या गल्लीत उतरतो यांचा माल. आधी तर इथेच. माझ्या काउंटरवरून मला रोज दिसतं सगळं.

मिस्त्री: झालं ना तुमचं? काढा गाडी.

चष्मेवाला: काढतो, काढतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. काय दिवस आलेत.

(निळी गाडी निघून जाते. मिस्त्री पुन्हा चाक फिरवू लागतो.)

वहिनी: चाक ठेवा खाली.

मिस्त्री: थोडाच आउट राहिलाय.

वहिनी: ठेवा म्हटलं ना खाली. हे पडले तो वार कुठला होता?

मिस्त्री: वहिनी…

वहिनी: मला माहितीये वार. मंगळवारी सलून बंद असतं, म्हणून हे तुमच्याकडे येत होते. तुमच्याचकडे, भावजी. कोन कुठे आहेत?

मिस्त्री: टाकून दिले.

वहिनी: तुम्ही गंजलेला नटसुद्धा डबीत जपून ठेवता. कोन कुठे आहेत?

मिस्त्री: टायरच्या ढिगामागे.

वहिनी: सरका. धूळ बघा किती. हा एक. हा दुसरा. याचं बूड फाटलंय. आणि हा काळा पट्टा टायरचा आहे. शुद्धीवर आल्यावर हे पहिलं काय म्हणाले, आठवतं? “चाकाखाली काहीतरी रबरासारखं आलं.” डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, भास होतात. मीही म्हटलं, भास. स्वतःच्या नवऱ्याला वेड्यात काढलं मी.

मिस्त्री: बसा ना जरा. पाणी देतो.

वहिनी: पाणी नको मला! मोबाइलमधला तो फोटो हजार वेळा पाहिला असेल. प्रत्येक वेळी गाडीचा नंबर बघितला. मोठा करकरून नंबरच बघत राहिले. आज खाली बघते. हे बघा, यांच्या पायाशी. नारंगी. त्याच्यावर काय आहे? मोजा.

मिस्त्री: तीन.

वहिनी: मोठ्याने.

मिस्त्री: तीन ठिपके. माझा आहे तो.

वहिनी: आता सांगा. सगळं. आणि त्यात “दोन मिनिटं” हा शब्द आला, तर हाच पाना तुमच्या डोक्यात घालीन.

मिस्त्री: मालाची गाडी उभी होती. आम्ही रिमा उतरवत होतो. दादा आला, गाडी बघून बाहेर वळला, पण मागचा कोन मी जरा लांब ठेवला होता. त्याला तो दिसला नसणार. आवाज आला. मी बाहेर आलो, तर तो पडलेला. ड्रायव्हरला म्हटलं, निघ तू. तो निघाला.

वहिनी: मग?

मिस्त्री: मग पुढचा कोन उचलला आणि आत टाकला. मागचा दादाच्या पायाशी होता, तो नंतर आणला.

वहिनी: मग?

मिस्त्री: मग दादाकडे गेलो.

वहिनी: आधी कोन. मग भाऊ.

मिस्त्री: घाबरलो होतो, वहिनी. काय करतोय ते मलाच कळत नव्हतं.

वहिनी: कळत नव्हतं, तर बरोबर कोनच कसा उचलला? आणि तो राखाडी गाडीवाला?

मिस्त्री: तो मागून येत होता. बस येत होत्या अंगावर. त्याने खरंच गाडी आडवी लावली आणि खाली उतरला. दादाच्या डोक्याखाली स्वतःचं जाकीट ठेवलं त्याने. ते जाकीट रक्ताने भरलं, म्हणून त्याने परतही नेलं नाही.

वहिनी: आणि मी पाच महिने त्याच माणसाच्या पाठीमागे हात धुऊन लागलेय. कार्यालयात त्याची बायको भेटली होती मला. म्हणाली, “ताई, ते थांबले म्हणून तुमचे मिस्टर वाचले.” काय उत्तर दिलं मी तिला, माहितीये? म्हटलं, असं सगळेच म्हणतात.

मिस्त्री: मी सांगणार होतो. दवाखान्यातच. पण दादाने माझाच हात धरला आणि म्हणाला, “तू होतास म्हणून बरं.” त्यानंतर तोंडच उघडेना. दर आठवड्याला वाटायचं, आज सांगू.

वहिनी: दर आठवड्याला घरी येत होतात! यांच्याशी पत्ते खेळत होतात. यांना पानं धरता येत नाहीत, म्हणून तुम्ही त्यांची पानं धरत होतात, दुसरीकडे तोंड करून. मी तुमचं कौतुक करत होते! म्हणत होते, दीर असावा तर असा.

मिस्त्री: मारा मला. पण बोलू नका असं.

वहिनी: मारून काय होणार? मनगट वळणार आहे का? मला राग कसला आलाय सांगू? त्या फोनवाल्याला निदान ही लेन कशाला असते ते ठाऊक नाही. तुम्ही दिवसभर सायकलींची चाकं सरळ करता. तुमच्या दारात रोज आमची वाकलेली चाकं येतात. तुम्हाला ठाऊक होतं, भावजी. तुम्हाला सगळ्या गावात सगळ्यात जास्त ठाऊक होतं!

मिस्त्री: हो.

वहिनी: चार वाजता येताय तुम्ही. त्या कुरिअरवाल्याच्या तोंडावर सांगायचं. कोन हातात घेऊन. त्याची माफी मी मागेन, ते माझं काम. तुमचं तुम्ही बघा.

मिस्त्री: आणि दादाला?

वहिनी: ते मी नाही सांगणार. संध्याकाळी येऊन तुम्ही सांगायचं. पत्ते न पिसता.

मिस्त्री: तो मला पुन्हा दारात उभं करणार नाही.

वहिनी: ते त्यांनी ठरवायचं. त्यांच्याकडचं तेवढं तरी तुम्ही घेऊ नका. चाक लावा माझं.

मिस्त्री: लावतो. झालंच. रिक्षा बोलावू का माझ्यासाठी? तुम्ही सायकलने पुढे व्हा, मी मागून…

वहिनी: तुम्हीही सायकलनेच येणार. याच लेनमधून. पुढे तुम्ही, मागे मी.

मिस्त्री: माझी सायकल नाहीये इथे. गिऱ्हाइकांच्या आहेत, त्या कशा काढू?

वहिनी: आणि ती वर टांगलेली, चादरीखाली? यांची ना ती? तुम्ही म्हणालात, पुढच्या चाकाचा चिमटा वाकलाय, सुटा भाग येत नाही.

मिस्त्री: चिमटा पहिल्याच आठवड्यात बसवला. नवीन टायर, नवीन ब्रेक, सगळं केलं. रोज कुलूप लावायच्या आधी तेल देतो. फक्त द्यायला तोंड नव्हतं.

वहिनी: उतरवा.

मिस्त्री: वहिनी, दादाची सायकल मी…

वहिनी: उतरवा. कोन मागे बांधा, दोरी घट्ट. निघा.

मिस्त्री: सीट दादाच्या उंचीची आहे. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.

वहिनी: असू द्या. मध्ये कुठे थांबायचं नाहीये आपल्याला.