चौथ्या प्रकरणातला ओढा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चंद्रप्रकाश सावे सर, माझी पुस्तकं नेटाने काढत राहिलेल्या प्रकाशक अनुपमाताई, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, पानगळ वाचक मंडळाचे सगळे कार्यकर्ते आणि समोर बसलेल्या बोरिवली-कांदिवलीच्या वाचकहो,

मानपत्र फार सुंदर लिहिलंय. ऐकताना मलाच वाटलं, ही शर्मिष्ठा परब कोण, हिला एकदा भेटायला हवं. वनखात्यातल्या नोकरीचा निरोप आणि लेखनाचा सत्कार मंडळाने एकाच शालीत उरकला, हेही बरं झालं. मी ही दोन्ही कामं अशीच एकात एक उरकत आले. खात्यातले म्हणायचे, परब मॅडम लेखिका आहेत, त्यांच्या पंचनाम्यातसुद्धा पानं सळसळतात. लेखक मंडळी म्हणायची, बाई सरकारी आहेत, ललित लेखावरही जावक क्रमांक टाकतील. दोघंही हसायचे. मीही हसायचे.

पण एक फरक मी कायम पाळला. पंचनाम्यात झाड कुठलं, ओढ्याच्या कुठल्या काठाला, रस्त्यापासून किती लांब, सगळं नेमकं लिहावं लागतं. पुस्तकात मी नेमकं तेच लपवायचे. घरट्याचा पत्ता छापायचा नसतो, हा आमच्या कामातला अगदी पहिला नियम.

चौथ्या प्रकरणातला ओढा आठवतोय ना? आठवणारच, तुमच्यातल्या कित्येकांना तो पाठ आहे. त्याच्या काठच्या अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत मासे धरणाऱ्या घुबडांची जोडी राहते. हिवाळ्यात एखादं पिल्लू होतं. त्या ओढ्याला मी खोटं नाव दिलं, वस्तीचं नाव टाळलं. फक्त एका ओळीत लिहून गेले, की इथे बसलं की एका बाजूने शाळेची घंटा ऐकू येते आणि दुसऱ्या बाजूने दगडखाणीचा भोंगा.

आपल्या मंडळाचा सौरभ इंजिनिअर आहे आणि वाचतोही मन लावून. घंटा आणि भोंगा दोन्ही कुठे ऐकू येतात, हे शोधत तो कित्येक रविवार हिंडला. मग एक दिवस त्याचा फोन. "मॅडम, गावली! चौथ्या प्रकरणातली जागा गावली! काय झकास स्पॉट आहे यार... सॉरी, मॅडम."

मी विचारलं, "कुणाला सांगितलंस का रे?"

"नाही नाही. फक्त ग्रुपवर टाकलंय."

मग तुम्ही आलात. पुस्तक हातात घेऊन आलात, अर्जुनाखाली उभं राहून परिच्छेद मोठ्याने वाचलेत, डबे उघडलेत. ती जागा जंगलाच्या हद्दीबाहेर पडते, तिथे माझा अधिकार कधीच चालला नाही. विनवण्या केल्या, त्याही तुम्हाला माझा विनय वाटल्या. आणि मंडळाने मला निवृत्तीची भेट द्यायची म्हणून, मला न सांगता, काठाने फरशीची वाट केली, बाकडी टाकली, दिवे उभे केले. पाटी लावली, 'शर्मिष्ठा परब निसर्गवाट'. पाटीवर मोर आहे. त्या ओढ्यावर मोर नाही हो! चौकशी केली तेव्हा कळलं, घुबड अशुभ दिसेल म्हणून मोर काढला.

गेल्या मंगळवारी सौरभ मला ही भेट दाखवायला घेऊन गेला. तिन्हीसांजेची वेळ, दिव्यांची चाचणी चालू होती. ओढा लग्नाच्या हॉलसारखा लखलखत होता. ढोलीतून पिल्लू भुकेने फिस्कारत होतं. पलीकडच्या सावरीवर मादी बसली होती, पायात मासा धरून. दोनदा झेपावली, दोनदा उजेडाच्या कडेवरून मागे फिरली. मी म्हटलं, "सौरभ, बंद कर ते." तो म्हणाला, "मॅडम, टेस्टिंग आहे. पाहुण्यांसमोर लागले नाहीत तर माझी वाट लागेल ना!" शेवटी तिने तो मासा स्वतःच गिळला आणि ती निघून गेली.

घरी येऊन मी अध्यक्षांना फोन केला. सर म्हणाले, "परबबाई, पत्रिका वाटून झाल्या. आता कसं थांबवायचं?" सर, खरं आहे तुमचं. आपल्याकडे पत्रिका वाटल्या की नको असलेली लग्नंसुद्धा थांबत नाहीत.

मला वाटायचं, लोकांनी वाचलं की त्यांना रान आवडेल, आणि आवडलं की ते जपतील. निम्मं खरं ठरलं. आवडलं तुम्हाला. ज्यांनी माझी एक ओळ वाचली नाही, ते त्या ओढ्याकडे कधी फिरकलेही नाहीत. दिवे लावले ते माझ्या वाचकांनी, आणि तेही माझ्यावरच्या प्रेमाने. मला तुमचा फार राग आलाय. खांद्यावर तुमची शाल असताना हे बोलू नये, पण उद्या मला माईक कोण देणार?

अनुपमाताई, नव्या आवृत्तीत ओढ्याचा नकाशा घालू, असं तुम्ही मघाशी चहा घेताना म्हणालात. नकाशा नको. चौथं प्रकरणच काढून टाका.

आता या तबकाविषयी. झेंडूच्या पाकळ्यांत एक रिमोट ठेवलाय. भाषण संपलं की माझ्या हस्ते कळ दाबायची, तिकडे ओढ्यावर दिवे लागायचे आणि इथे पडद्यावर तुम्ही ते पाहायचे, अशी योजना आहे. उद्यापासून मग रोज संध्याकाळी ते आपोआप लागणार.

हा रिमोट मी पर्समध्ये ठेवते आहे. सौरभ, बस खाली. दिवे तुझ्या मोबाईलवरूनही लागतात, हे तूच मला सांगितलंस. मी इथून गेल्यावर ते लावणं काही कठीण नाही. मी कुणाला अडवू शकत नाही, फक्त मागू शकते. पिल्लू उडेपर्यंत लावू नका. आणि मग लावायचेच असतील, तर त्या पाटीवरून आधी माझं नाव उतरवा.

मंडळाचे, अध्यक्षांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पदरात घ्या. मन दुखावलं असेल, तर मात्र ते थोडे दिवस दुखू द्या.

जेवणाची सोय मागच्या हॉलमध्ये केली आहे, हे शेवटी आठवणीने सांगा, असं मला सांगण्यात आलंय. तेव्हा जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका. ओढ्यावर अंधार राहिला, तर आज पिल्लूही जेवेल.