डावीकडचा ब्रेक

दलाल: बाई, बॉनेटवर हात कशाला ठेवताय? आधी गाडी तर बघा.

बाई: गरम आहे.

दलाल: उन्हात उभी आहे ना.

बाई: शेजारचीही उन्हातच उभी आहे, ती एवढी तापलेली नाही. आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीस. का रे, थंड इंजिन सुरू व्हायला नखरे करतं?

दलाल: नाही हो. पण तुम्ही येणार म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसते. एवढ्या गाड्या विकल्या, तरी तुमच्यासमोर मी शिकाऊच.

बाई: अहो, ओळखलंत का याला? माझ्याकडे शिकायला होता. हँडब्रेक न काढता गाडी पळवायचा. जळका वास आला की मी समजायचे, आला आमचा हँडब्रेक.

चष्मेवाले: ओळखलं की. डावा डोळा अधू. तूच पाठवलं होतंस दुकानात.

दलाल: मला एकट्याला नाही काका, निम्म्या गावाला पाठवलं. बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी लांबच्या गाडीचा नंबर वाचायला लागायचा. नाही आला वाचता, की थेट नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात. लोक म्हणायचे, नवराबायकोनं बरोबर साखळी लावलीय.

चष्मेवाले: नवरा नंतर झालो. आधी नुसताच चष्मेवाला होतो. ही एकेक आंधळा घेऊन यायची आणि काउंटरवर गाडीची किल्ली वाजवत उभी राहायची. लवकर करा, माझी शिकवणी खोळंबलीय.

बाई: पुरे. गाड्या बघू.

दलाल: बघा, तुमच्या लाडक्या डबी गाडीच्या तिन्ही पिढ्या ओळीनं लावून ठेवल्यात तुमच्यासाठी. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीही आलीय बाजारात, पण ती अजून नवी आहे. वापरलेली मिळाली तरी महाग पडते.

चष्मेवाले: आणि तिच्यात तो टीव्ही आहे. गाडी चालवताना टीव्ही कशाला बघायचा?

बाई: टीव्ही नाही तो. पण चौथी नकोच. शिंकलं तरी पिंपिं करते.

दलाल: पहिली तर तुमचीच. हिच्यावरच स्कूल सुरू केलं होतंत ना?

बाई: हिच्या बहिणीवर. सकाळी चोक ओढून चार विनवण्या केल्या की सुरू व्हायची. स्टिअरिंग एवढं जड की वळणावर पोरी उभ्याच राहायच्या सीटवरून. डावीकडचा आरसाच नव्हता. कंपनीला वाटलं असेल, डावीकडे कोण बघतंय.

चष्मेवाले: पण काच बघ केवढी. आणि हे पुढचे खांब बघ, बोटाएवढे. आत बसलं की सगळं दिसायचं. दुसऱ्या डबीत काच लहान झाली. तिसरीत तर खिडकी आहे की झरोका? हा खांब माझ्या मांडीएवढा आहे. याच्यामागे अख्खा माणूस लपेल.

बाई: गाडी उलटली तर छप्पर तोलून धरायला जाड केलाय तो. आत हवेच्या पिशव्याही आहेत. पहिल्या डबीत काय होतं? पत्रा आणि नशीब.

चष्मेवाले: मी आपला डोळ्यांचा माणूस. दिसायला पाहिजे एवढं मला कळतं.

बाई: म्हणून वळताना मान पुढे काढून बघायचं. ध्यानात ठेवा.

चष्मेवाले: मी कशाला ध्यानात ठेवू? तू चालवणार आहेस.

दलाल: काका, तुम्ही दुसरी बघाच. घेण्यासारखी तीच. चोक गेला, स्टिअरिंग हलकं झालं, इंजिन म्हणाल तर मरत नाही. फक्त मागच्या चाकाच्या कमानीत हात घालून बघायचं, गंज तिथं लागतो. आणि बाई, तुम्ही आत वाकून बघा. डावीकडच्या पायाखाली.

बाई: अरे.

दलाल: ओळखलीत?

बाई: माझी आहे. माझीच आहे ही.

दलाल: तीन हात फिरून आली. मधल्या माणसानं रंग बदलला, पण डावीकडचं शिकवणाऱ्याचं ब्रेकचं पॅडल काढायचं कुणाला सुचलं नाही. क्लच नवा टाकलाय मी. स्कूलच्या गाडीचा क्लच म्हणजे नुसता सोसलेला.

चष्मेवाले: मग झालं तर. हीच घेऊ. कशाला आणखी बघायचं? आपली गाडी आपल्या घरी आली.

बाई: ही नको.

चष्मेवाले: अगं, तुझ्या हातची गाडी आहे.

बाई: म्हणूनच. मला तिसरी दाखव. क्लच नसलेली.

दलाल: क्लच नसलेली? बाई, तुम्हीच म्हणायचात, ज्याला क्लच कळला नाही त्याला गाडी कळली नाही. हिलाच तुम्ही मिक्सर म्हणायचात. बटण दाबा आणि बसा.

बाई: म्हणायचे. आता दाखव.

चष्मेवाले: तिच्या डाव्या पायात अजून जोर नाही. औषधांनी येतो तसा अशक्तपणा. तेवढ्यापुरती क्लच नसलेली हवी असेल. पण अगं, पाय सुधारला की तुलाच कंटाळा येईल हिचा. त्यापेक्षा दुसरीच घेऊ, महिना दोन महिने उभी राहू दे दारात. तोवर पुतण्या आहेच की दवाखान्यात न्यायला.

बाई: अहो.

चष्मेवाले: काय?

बाई: पाय सुधारायचा नाही.

चष्मेवाले: इथं नको तो विषय.

बाई: घरी काढला की तुम्ही उठून चहा ठेवता. इथं चहा ठेवायला जागा नाही.

दलाल: मी... मी जरा फाटक उघडून येतो.

बाई: थांब तू. तुझ्यापासून काय लपवायचं? रस्त्यावर मेला असतास त्या दिवशी, मी ब्रेक दाबला म्हणून इथं उभा आहेस. गाडी माझ्यासाठी नाही घ्यायची. यांच्यासाठी घ्यायचीय.

दलाल: काकांना गाडी येते?

बाई: नाही. सगळ्या गावाला शिकवलं. घरातला राहिला.

चष्मेवाले: मला नको गाडी. टॅक्सी आहेत, बस आहे.

बाई: बस आपल्या घराच्या चढाखालीच थांबते. आणि टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायलासुद्धा तुम्ही लाजता. मी नसले की काय होणार, मला स्पष्ट दिसतंय. आधी संध्याकाळचं दुकान बंद. मग सकाळचं. मग लेकीकडे जाणं बंद. घरात बसून राहाल आणि कुणी विचारलं तर म्हणाल, मी मजेत आहे.

चष्मेवाले: तू नसलीस की, तू नसलीस की. डॉक्टर असं कुठं म्हणाले?

बाई: पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे जाऊ का, असं विचारलं मी त्यांना. त्यांनी पंख्याचा वेग वाढवला आणि विचारलं, भूक लागते का. तुम्ही शेजारीच होतात.

चष्मेवाले: होतो.

बाई: मग?

चष्मेवाले: मी ऐकलं. मला कळलं नाही असं नाही.

दलाल: बाई, मला माहीत नव्हतं. मी आपला हसत होतो मघापासून.

बाई: हसलास ते बरं केलंस. घरी कुणी हसत नाही. आता सांग, या तिसरीत काय काय बघायचं? माझा अभ्यास दुसरीपर्यंतच आहे.

दलाल: हिच्यात... हिच्यात पहिल्या वर्षी निघालेल्या गाड्यांचे गिअर झटके देतात. चढावर तर माणूस घाबरतो. ही नंतरची आहे, सुधारलेली. सीट उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांना बरी. मागे घेताना काय आहे ते समोरच्या छोट्या पडद्यावर दिसतं. आणि खरं सांगायचं तर टायर जुने आहेत, मी बदलून देतो.

बाई: शहाणा झालास. चला, बसा आत.

दलाल: अहो, तुम्ही दोघंही डाव्या दाराशीच उभे राहिलात. चालवणार कोण?

चष्मेवाले: ही माझी बाजू आहे. लग्न झाल्यापासून मी इथंच बसतो.

बाई: त्याच्या आधीपासून मी बसते इथं. शिकवणाऱ्याची बाजू आहे ही. तुम्ही तिकडून या.

चष्मेवाले: मग ती दुसरी घेऊ ना. तिला तुझ्या बाजूला ब्रेक आहे. चुकलो तर तू दाबशील.

बाई: म्हणूनच नको म्हटलं. माझ्या पायाशी ब्रेक आहे हे कळलं की माणूस स्वतः दाबत नाही. हा हँडब्रेक बघा. किती दिवस माझ्या पायावर गाडी चालवली यानं.

दलाल: खरं आहे काका. बाईंचं शिकवणं कधी संपायचं माहीत आहे? एक दिवस गाडी थांबवली की त्या म्हणायच्या, आज मी काहीच केलं नाही. बस्स. ते ऐकलं की समजायचं, आपल्याला गाडी आली. दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. मी ऐकलं तेव्हा आनंदही झाला आणि रस्त्यात रडूही आलं.

बाई: तुझ्या वेळी मी सुटकेनं म्हटलं होतं. बसा हो.

(तिघं गाडीत. चष्मेवाले उजवीकडे, बाई डावीकडे, दलाल मागे. यार्डाच्या मधोमध मोकळी जागा.)

बाई: सीट पुढे घ्या. अजून. आरसे लावा. चष्मा पुसा, इतरांचे पुसता आणि स्वतःचा तसाच.

चष्मेवाले: माझे हात ओले झालेत.

बाई: सगळ्यांचे होतात. उजवा पाय ब्रेकवर. डावा नुसता ठेवून द्या, त्याला काम नाही. किल्ली फिरवा. आता हा दांडा इकडे. ब्रेक हळूहळू सोडा. ती आपली आपण सरकेल.

चष्मेवाले: सरकतेय.

बाई: सरकू दे.

चष्मेवाले: एक विचारू?

बाई: समोर बघून विचारा.

चष्मेवाले: लग्नानंतर तू मला शिकवायला घेतलंस आणि मी दोन दिवसांत सोडलं. तुला काय वाटलं, का सोडलं?

बाई: घाबरलात. मी ओरडलेही होते जरा. डावीकडे वळवा. मान पुढे काढा, खांबामागे बघा.

चष्मेवाले: ओरडण्याचं काही नव्हतं. मला वाटलं, मला गाडी आली तर तू मला दुकानात सोडायला येणार नाहीस. रोज सकाळी तेवढीच पाऊण तासाची तू मिळायचीस. बाकी दिवसभर गावाची.

बाई: एवढी वर्षं मला वाटलं, तुम्ही भित्रे आहात.

चष्मेवाले: तेही आहेच. आत्ता तर फार भीती वाटतेय.

बाई: गाडीची?

चष्मेवाले: गाडीची नाही.

बाई: मलाही वाटते. रात्री तुम्ही झोपल्यावर जास्त.

चष्मेवाले: मी झोपलेला नसतो.

बाई: माहीत आहे. भिंत येतेय.

चष्मेवाले: दिसतेय.

दलाल: काका, भिंत. काका.

बाई: तू गप्प बस मागे. त्यांना दिसतेय.

चष्मेवाले: तू पाय का दाबतेयस? तिथं काही नाहीये.

बाई: सवय आहे. तुम्ही माझ्या पायाकडे बघू नका, पुढे बघा.

चष्मेवाले: झालं. थांबली.

दलाल: अगदी अलगद. पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता.

चष्मेवाले: तू काही बोलत नाहीस?

बाई: चांगली थांबवलीत. भिंतीपासून अंतरही बरोबर आहे. डोळ्यांचा माणूस आहात खरे. आज मी...

चष्मेवाले: ते म्हणू नकोस.

बाई: जे खरं आहे ते म्हणतेय.

चष्मेवाले: असेल. तरी आज नको. उद्याही नको म्हणूस. मला अजून रिव्हर्स येत नाही.